पिंजऱ्यातले बारा

पिंजऱ्याची दोरी प्रियदर्शनीने हातात घेतली, पण ओढली नाही. वारा पडला होता. होडी जागची हलत नव्हती. पिंजरा दोन हात खाली होता आणि गढूळ पाण्यात वरून काहीच दिसत नव्हतं.

"ओढा की म्याडम," होडीच्या टोकाला बसलेला जळबा म्हणाला. "डोळे मिटून मोजता येतंय व्हय?"

आपण डोळे मिटलेत हे तिला तेव्हा कळलं.

येलदरी धरणाच्या सेनगावकडच्या काठावर ती तीन आठवडे काम करत होती. पुढच्या हंगामात इथे हौशी लोकांसाठी गळाची मासेमारी सुरू व्हायची होती. मासा धरायचा, फोटो काढायचा, सोडून द्यायचा. सोडलेला मासा जगतो का, एवढंच प्रियदर्शनीने तिला नेमणाऱ्या साहेबांना अहवालात सांगायचं होतं. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावरचं तिचं हे पहिलं काम. म्हातारा जळबा इथला कोळी. गळ तो टाकायचा. ती रोहू फळीवर ठेवून पट्टीने लांबी मोजायची, टॉवेलने पुसायची, स्प्रिंगच्या काट्याला लटकावून वजन करायची, पाठीत सुई घालून दोऱ्याने नंबराची पिवळी चकती बांधायची, फोटो काढायची आणि सोडायची. दोन मिनिटं. मग वहीत लिहायची, 'पोहत गेला.' दोनशे चौदा मासे झाले होते. दोनशे चौदा वेळा 'पोहत गेला'.

चार दिवसांपूर्वी जळबाची बायको रुक्माबाई टोपलीत एक फुगलेला रोहू घेऊन आली. पाठीवर नंबर होता, अठ्ठ्याऐंशी.

"हा तुमचाच नव्हं?" ती म्हणाली. "सोडला म्हणलात, अन् हा तर काठाला मरून पडून राहिला."

माशाच्या अंगावर पांढरे चट्टे होते. टॉवेल जिथे फिरला होता, नेमके तिथे.

तेव्हापासून प्रियदर्शनीला घास गोड लागत नव्हता. अंगावरचा बुळबुळीत थर गेला की माशाला रोग सहज गाठतात, हे तिने परीक्षेत लिहिलं होतं. पूर्ण मार्क मिळाले होते. एक मासा म्हणजे पुरावा नव्हे, असं तिने स्वतःला सांगितलं. पण पोहत जाणं हा तरी कुठे पुरावा होता? म्हणून धरलेले मासे एक दिवस पाण्यातच नजरेखाली ठेवायला तिने पिंजरा मागवला. काल सकाळी बारा रोहू धरले आणि सगळं मुद्दाम तसंच केलं. तीच फळी, तोच टॉवेल, तीच दोन मिनिटं, मे महिन्याचं तेच कोमट पाणी. वेगळं केलं असतं तर खरं कळलं नसतं. दहाव्या माशावरून टॉवेल फिरवताना तिने नजर वळवली. गळाला लावायची कणीक मळता मळता जळबा थांबला.

"आमी बी मारतो," तो म्हणाला. "पण एकदाच."

कासवं जाळी फाडतात, म्हणून रात्री रखवालीला पिंजऱ्यापाशी तोच राहिला.

आता तिने दोरी ओढली.

पिंजरा पुरता वर यायच्या आत पहिली शेपटी दिसली. हलणारी. मग दुसरी. तिने मोजले. बारा. सगळे सरळ पोहत होते, कल्ले उघडत-मिटत होते.

"जिवंत आहेत, काका! सगळे!"

"व्हय," जळबा म्हणाला.

अहवालातलं वाक्य तिच्या मनात तयार झालं. एका दिवसात एकही मृत्यू नाही. दुपारी ते पाठवलं की काम संपलं, आणि हंगामाला गळ घेऊन लोक मोकळे. अठ्ठ्याऐंशी नंबर अपवाद ठरला असता. ती हसलीसुद्धा. मग सवयीने, पण या वेळी हात ओले करून, तिने जवळचा एक मासा पाण्यातच धरला आणि पट्टी लावली.

नंबर दोनशे एकोणीस. त्रेचाळीस सेंटिमीटर. वहीत काल एकेचाळीस होते.

तिने पुन्हा मोजलं. त्रेचाळीस. एका दिवसात रोहू दोन सेंटिमीटर वाढत नाही. कालची नोंद चुकली असेल. तिने नंबराचा दोरा बोटावर घेतला. दोरा तिचाच होता. गाठ तिची नव्हती. तिची गाठ साधी, दुहेरी असायची. ही चपटी आणि पक्की होती, जाळ्याच्या प्रत्येक घराला असते तशी. अशी गाठ मारताना तिने या काठावर रोज एकाच माणसाला पाहिलं होतं.

मासा तिच्या हातातून सुटला. होडी स्थिर असूनही तिने कडा घट्ट धरली.

"काका, काहून केलं तुम्ही असं?"

जळबाने लपवायचा प्रयत्न केला नाही.

"मेलेले दिसले असते, तर तुमी आणिक बारा धरले असते. काल फोनवर सायबाला तसंच बोलून राहिल्या होत्या तुमी. म्या ऐकलं. म्हणून मह्या जाळ्यातले जिते आणले, मापाला माप पाहून. सुई टोचाया लागलीच त्येंना बी. पर मेलेल्यांचे नंबर पाण्यातल्या पाण्यात बांधले. वर काढले न्हाईत."

पिंजऱ्यातले बाकीचे मासे तिच्या हाताशीच होते. एकेक गाठ पाहिली असती तर कळलं असतं. तिचा हात पाण्यात जाईना.

"किती बदलले?"

जळबाने पिंजऱ्याकडे पाहिलं नाही. तो समोरच्या धरणाकडे, पार पलीकडच्या काठापर्यंत पसरलेल्या पाण्याकडे पाहत राहिला.

"समदेच, पोरी."