दोरी ओढ

"टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे का बघ," मिस्त्री फोनवर ओरडले. "तो बंद राहिला की मोटर दहा मिनिटं चालते आणि मग मान टाकते."

"उघडाच आहे," स्पीकरवरून बाबांचा आवाज आला. मागे वाऱ्याचा नुसता घोंघाट.

फोन वर्कशॉपच्या बाकावर, पान्यांच्या पसाऱ्यात ठेवला होता. बाबा सकाळी एकटेच होडी घेऊन जाळं काढायला गेले होते. दुपारी एकला त्यांनी मिस्त्रींना फोन केला. मोटरचा जोर उतरला, ती दोनदा खोकली आणि बंद पडली. वारा होडीला बाहेर ढकलतोय. बातमी शाळेत पोचली तशी त्यांची मुलगी गणवेशातच धावत वर्कशॉपमध्ये आली होती.

"नळीवरचा रबरी फुगा दाब. कडक लागतोय?"

"दगड."

"म्हणजे पेट्रोल येतंय. दोरी ओढ."

दोघांनी श्वास रोखला. वारा. आणखी वारा.

"नाही रे."

"बाबा, न खाता गेलास ना? मग कुठला जोर लागणार!" मुलगी म्हणाली.

"भोंगा आला वाटतं," बाबा हसले. "तरी म्हटलं, वाऱ्याच्या वरताण कोण ओरडतंय."

घरीदारी सगळे तिला भोंगाच म्हणत.

"तुझाच आवाज घागरीतून आल्यासारखा येतोय."

"मोबाईल पिशवीत बांधलाय. पाणी उडतंय गं."

"गप्पा नंतर," मिस्त्री म्हणाले. "प्लग काढ. रंग काय आहे?"

"काळा. नुसता कोळसा."

"पुसून कोरडा कर आणि परत बसव. सावकाश. पाण्यात पाडलास तर दुसरा मिळायचा नाही."

भिंतीवरच्या घड्याळात चार मिनिटं गेली. मुलीनं नखं खायला सुरुवात केली होती.

"बसवला."

"ओढ."

"...नाही. मिस्त्री, हिला दहा वर्षं मरण नाही म्हणाला होतास ना रे?"

"मोटरीबद्दल बोललो होतो. तिच्या मालकाची गॅरंटी कुणी दिली होती?"

बाबा हसले. मिस्त्री हसले नाहीत. त्यांची बोटं एकेक करून मिटत चालली होती. हवा झाली, पेट्रोल झालं, ठिणगी झाली. चाळीस वर्षं याच क्रमानं त्यांनी मेलेल्या मोटरी उठवल्या होत्या. आता दोनच बोटं उरली होती.

"फिल्टर उघड," ते म्हणाले. "खालचा कप फिरवून काढ. कचरा आहे का बघ."

बराच वेळ फक्त वारा.

"होता. चिमूटभर वाळू. धुऊन परत बसवला."

मिस्त्रींनी हातातला पाना खाली ठेवला. मुलीनं नखं खायचं थांबवलं.

"ओढू का दोरी?" बाबांनी विचारलं.

"ओढ."

"नाही लागत."

मिस्त्रींनी कपाळ पुसलं. "भोंग्या, धक्क्यावर जा," ते तिच्याकडे न बघता म्हणाले. "बचावाची लाँच सुटतेय का विचारून ये. पळ."

ती पळाली. धक्क्यावर लाटा पायऱ्यांवरून उडून थेट बंदराच्या कचेरीच्या दारात येत होत्या. लाँच चार दोरांनी बांधलेली, तरीही दाव्याच्या जनावरासारखी हिसके देत होती.

"वारा पडल्याशिवाय नाही सोडता येणार," कारकून म्हणाला. "पाच माणसं आहेत तिच्यावर. एकाला आणायला पाचांना घालवू? बाबांना म्हणावं, होडीत गप बसून राहा. संध्याकाळपर्यंत पडेल वारा."

मुलगी टेबलावरून वाकली आणि त्याच्या कानाशी काहीतरी बोलली. कारकुनानं चष्मा काढला. खिडकीतून समुद्राकडे बघितलं. मग उठून तो लाँचच्या कप्तानाकडे गेला. दोघं बराच वेळ बोलले. कप्तानानं मान हलवली. नाही.

"तरीही नाही गं, पोरी," कारकून परत येऊन म्हणाला. या वेळी त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला.

ती वर्कशॉपमध्ये परतली तेव्हा स्पीकर बंद होता. मिस्त्री फोन कानाला लावून भिंतीकडे तोंड करून उभे होते. तिची चाहूल लागताच त्यांनी घसा खाकरला आणि फोन पुन्हा बाकावर ठेवला.

"हा बघ आला तुझा भोंगा. हं, कुठं होतो आपण? प्लग. प्लग काढ."

"मघाशी काढला ना." बाबांचे शब्द आता तुटत होते, थंडीत कुडकुडल्यासारखे.

"परत काढ."

"काढला. काळा आहे."

"पुसून बसव."

"बसवला."

मघाशी याच कामाला चार मिनिटं लागली होती.

"लाँचचं काय गं?" बाबांनी विचारलं.

"सुटतेय बाबा. दोर सोडतायत आत्ता."

"मग झालंच. ती यायच्या आधीच आमची ही चालू होते की नाही बघ. काय रे मिस्त्री?"

मिस्त्रींनी दोन्ही हातांनी बाकाची कड धरली.

"मिस्त्री? ऐकतोयस ना?"

मुलीनं फोनवर तळहात दाबून धरला.

"काका, सवयीनं तुम्ही फिल्टर विचारलात, पण त्या मोटरीला फिल्टरच नाहीये. कप तडकला म्हणून रविवारी आपण दोघांनीच काढला आणि सरळ नळी जोडली. बाबांना सांगायचं राहून गेलं." ती अगदी हळू बोलत होती. "ते धुतला म्हणाले तेव्हाच मला कळलं. मोटर नाहीये त्यांच्याजवळ. होडीही नसणार. कारकुनालाही सांगून आले मी. पण मला कळलंय हे बाबांना कळू देऊ नका. पुढचं विचारा."