अंगठ्याचा डाग

लेकीने वेधशाळेतून आणलेली आकाशाच्या फोटोची काच बाबांनी खिडकीपाशी उजेडात धरली. दूरच्या दीर्घिकांच्या ठिपक्यांमध्ये काळा डाग होता. “अंगठा उमटवलास! वेधशाळेत एवढी वर्षं काढलीस, अजून फोटोची काच कडेने धरता येत नाही?” ते खेकसले. लेकीने गेल्या दोन महिन्यांच्या काचा पुढे ठेवल्या. डाग त्याच जागी, पण लहान. बाबांचा पारा उतरला. “जराही सरकलेला नाही?” “नाही. नुसता वाढतोय. पलीकडच्या दीर्घिका झाकत चाललाय.” जन्मभर त्यांनी वर्गात शिकवलं होतं, विश्व पसरतंय, सगळं आपल्यापासून लांब पळतंय. “बाबा, लहानपणी रस्ता ओलांडताना तुम्ही मला काय सांगायचात?” बाबांना अजून पाठ होतं: ‘जी गाडी बाजूला सरकत नाही, नुसती मोठी होत जाते, ती आपल्याच अंगावर येतेय.’ त्यांनी नकळत लेकीचा हात घट्ट धरला. पण फुटपाथ कुठेच नव्हता.