आश्रुबाकाकांची सही

कुवेतमधल्या नर्सच्या नोकरीसाठी लागणाऱ्या माझ्या पोलीस दाखल्यावर आज शेवटचा शिक्का बसला. वकिलातीनं दिल्लीची सही मानली, दिल्लीनं मंत्रालयाची, मंत्रालयानं बीडच्या एसपींची, एसपींनी हवालदाराची. आणि हवालदारानं मानली ती आमच्या शेजारच्या आश्रुबाकाकांची. चौकशीला तो गावात आला तेव्हा निम्मं गाव ऊसतोडीला गेलेलं होतं. आळीत आमच्याशिवाय त्यांचंच दार उघडं होतं. त्यानं नेमकं काकांनाच आमच्या ओट्यावर बोलावलं. दुष्काळात माझे वडील, अण्णा, दूध सोसायटीचे चेअरमन होते. सोसायटीच्या चारा छावणीत त्यांनी मर्जीतल्यांची जनावरं घेतली आणि काकांची बैलजोडी दारातूनच परत पाठवली. ती बाजारात कवडीमोल गेली. तेव्हापासून काका आमच्या घरचं पाणीसुद्धा पीत नव्हते. "पोरगी कशी आहे हो?" हवालदारानं विचारलं. काकांनी अण्णांकडे रोखून बघितलं. "हिच्या बापाचं इचारा, दिवस पुरायचा न्हाई. पोरीत मात्र खोट न्हाई. लिवा तसं." जबाबाखाली त्यांनी सावकाश सही केली. आईनं लगबगीनं चहा आणून सगळ्यांसमोर ठेवला. काका उठले, धोतर झटकलं आणि आपल्या दाराकडे चालू लागले. त्यांचा भरलेला कप उचलायला आई वाकली, तसे अण्णा खालच्या आवाजात म्हणाले, "ऱ्हाऊ दे. इतक्यात उचलू नगं."