माकडाची कॅसेट

सुहासिनीने घरघंटीचं झाकण उघडून आत डोकावलं, तशी मागे उभ्या असलेल्या तिच्या नवऱ्याने, विश्रामने, मनातल्या मनात देवाचा धावा केला. गेल्या रविवारी ती अशीच एका कपाटात डोकावली होती. ते कपाट आता त्यांच्या जिन्याखाली उभं होतं.

"दळते का नीट?" तिने विचारलं.

"एकदम मस्त, काकू," शिवांगी म्हणाली. बडोद्याच्या सुभानपुऱ्यातलं हे तिचं घर. ती आणि तिचा नवरा दोन दिवसांनी कॅनडाला निघणार होते, म्हणून सगळं घरसामान हॉलमध्ये मांडून विकायला काढलं होतं.

सुहासिनीला घरघंटी कशाला हवीय! तिला हवी होती कॅसेट. दारातून पाऊल टाकल्या टाकल्या तिने ती हेरली होती. टीव्हीखालच्या खोक्यात, जुन्या व्हिडिओ गेमच्या डब्यावर, पिवळीधमक, माकडाच्या चित्राची. माकड नारळाच्या झाडांवरून उड्या मारत जातं आणि खाली मगरी आ वासून बसतात, आपल्या विश्वामित्री नदीत असतात तशा. लोकांनी हे गेम केव्हाच माळ्यावर टाकले होते; सुहासिनी मात्र ते शोधत दर रविवारी बडोदं पालथं घालायची. परदेशी निघालेलं एकही घर तिने सोडलं नव्हतं. घरी कॅसेटींनी भरलेली अख्खी ट्रंक होती. नव्हतं ते फक्त हे माकड, आणि त्याच्यावाचून बाईंना चैन नव्हती.

पण मांडवीच्या बाजारात तयार झालेलं गिऱ्हाईक ती! हवी ती वस्तू सोडून भलतीचाच भाव विचारायचा, चेहरा मख्ख ठेवायचा आणि निघता निघता हव्या त्या वस्तूला नाक मुरडायचं. समोरचा आपोआप खाली येतो. हा डाव आजवर फसला नव्हता. या डावापायी घरात कपाट आलं होतं, दोन जास्तीच्या इस्त्र्या आल्या होत्या, ती गोष्ट वेगळी.

घरघंटी झाली, टेबलफॅन झाला, लोणच्याच्या बरण्या झाल्या. मग दाराकडे वळत ती म्हणाली, "आणि हे खोकं कसलं गं? असला कचरा कोण घेतं आता?"

"खरंय," शिवांगी म्हणाली. "म्हणून तर ते विकायचंच नाहीये."

"म्हणजे?"

"माझा लहानपणचा गेम आहे. जो कोणी बघून खूश होईल ना, त्याला तसाच देऊन टाकणार होते. सकाळपासून वाट बघतेय. पण सगळे तुमच्यासारखंच म्हणतात." तिने खोकं पायाने टीव्हीमागे सरकवलं. "जाऊ दे. संध्याकाळी भंगारवाला येईल."

भंगारवाला! सुहासिनी दाराकडून गर्रकन मागे फिरली. "अगं नाही, नाही! मी खूश आहे! मी तर आल्या आल्याच खूश झाले!"

"कधी? घरघंटी बघताना?"

विश्राम फिस्सकन हसला.

"हसता काय? सांगा ना तिला!"

"खूश आहे ती," विश्राम म्हणाला. "बाजारात खूश झाली की अशीच दिसते."

"काकू, फुकट म्हटल्यावर सगळेच खूश होतात," शिवांगी म्हणाली. बोलली गोड, पण खोकं काही पुढे केलं नाही.

सुहासिनीला रडू यायचं तेवढं बाकी राहिलं. इतकं खरं ती कोणत्याच दुकानात बोलली नव्हती, आणि नेमकं तेच पटत नव्हतं. "फुकट नको गं. तू म्हणशील तो भाव देते. घरघंटीसुद्धा घेते!"

विश्रामचं हसू थांबलं.

"भावाचा प्रश्न नाही ने, काकू."

"बरं, मग एकदा हातात तरी दे."

शिवांगीने कॅसेट दिली. सुहासिनीने आतली धूळ उडवायला ती आडवी धरली, ओठांशी नेली आणि बाजा वाजवावा तशी या टोकापासून त्या टोकापर्यंत फुंकली. उलटी करून पुन्हा फुंकली. मग पदराने पुसली.

शिवांगी बघतच राहिली. "दोनदा?"

"मग? एका फुंकीत हे माकड उठतं होय?"

"नाही उठत!" शिवांगी ओरडलीच. "माझं पण कधी नाही उठलं!"

पुढच्या मिनिटाला दोघी फरशीवर बसल्या होत्या. टीव्हीवर माकड आलं. उडी आली की सुहासिनीचे हात गेमच्या रिमोटसकट कपाळापर्यंत जात, जसं काही माकडाला तीच वर खेचतेय. मगर आली की ती डावीकडे कलायची, आणि शेजारी शिवांगीही कलायची.

"सगळं तुमचं, काकू! कॅसेट, डबा, रिमोट, सगळं!" शिवांगी म्हणाली. "पण तेवढा पूल पार करून दाखवा. मी जन्मात त्याच्यापुढे गेले नाही."

एवढ्यात टीव्ही विकत घेतलेले भास्करराव येऊन ठेपले, मागे दोर घेऊन टेम्पोवाला. "चला, करा बंद. खाली टेम्पो चालू ठेवलाय."

कोणी ऐकलंच नाही. विश्रामने त्यांना खुर्ची दिली. तीही विकली गेलेली होती.

"पूल आला!"

फळ्या निखळायला लागल्या. सुहासिनी पदर खोचून उभीच राहिली. "चल बाळा, चल, चल, चल..." शेवटच्या फळीवरून माकडाने उडी घेतली, त्याच्याबरोबर शिवांगीने घेतली, मगरीचा जबडा खाड्कन मिटला आणि माकड पलीकडे! दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून किंचाळल्या. सुहासिनीच्या आनंदाला काही सुमारच राहिला नव्हता.

भास्करराव खुर्चीवरून फरशीवर कधी आले, कोणाच्या लक्षात आलं नाही. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा चढवला आणि हात पुढे केला.

"आता माझा नंबर," ते म्हणाले, आणि टेम्पोवाल्याला खाली जाऊन इंजिन बंद करून यायला सांगितलं.