मधली खुर्ची

"जरा स्वस्थ बसलं की अंधार! आता सिनेमा बघताना काय हातवारे करत बसायचं?"

आई खुर्चीतूनच पुटपुटली आणि छताकडे बघून तिनं हात हलवला. दिवे लागले. लेक भिंतीला टेकून, मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली होती. तिनं हसू दाबलं आणि सेन्सरची वेळ वाढवली. खोलीत हालचाल नसली की दिवे आपोआप विझायचे, आणि आईइतकी निश्चल बसणारी बाई त्या सेन्सरच्या हिशेबातच नव्हती.

आज खोली पुरी करायचीच, हे लेकीनं सकाळीच ठरवलं होतं. ही पूर्वी तिच्या दादाची खोली. तो परदेशी गेला आणि बाबांनी निवृत्त झाल्याझाल्या तिथं घरातलं थिएटर करायला घेतलं. त्यांची सगळी नोकरी सिनेमागृहाच्या केबिनमध्ये, प्रोजेक्टरपाशी गेली. लोकांना सिनेमे दाखवले, घरच्यांबरोबर एकही धड बघितला नाही. "तो कायमचा परत आला की आपण सगळे मिळून बघू," असं ते म्हणायचे. खुर्च्या मात्र तीनच आणल्या. एक आईची, एक लेकीची आणि मधली त्याची. बाबांना म्हणे मागे उभं राहूनच बघायची सवय.

लेकीनं बटण दाबलं. खिडकीचे पडदे सरकले, पांढरा पडदा खाली उतरला, प्रोजेक्टर घुरघुरला, दिवे गेले.

"अगं, असे धाडकन काय? मावळू दे," मागून बाबा म्हणाले. "अंधार कधी झाला, ते बघणाऱ्याला कळता कामा नये."

तिनं दिवे आणखी हळू मावळतील असं केलं. बाबा खूश झाले. आता एकच काम उरलं होतं, आणि ते झालं की न सांगण्याची तिची सबब संपत होती.

दादानं तिला फोनवर मागेच सांगून टाकलं होतं. इथेच घर घेतलंय, मुलं शाळेत रमलीत, आम्ही काही आता परत येत नाही. "घरी सांगायचं ते तू बघ. तुझं ऐकतात ते." तिनं आधी आईला सांगितलं, स्वयंपाकघरात. आईनं गॅस बंद केला, पुन्हा पेटवला आणि म्हणाली, "यांना एवढ्यात नको. खोली तरी होऊ दे." मग रंग झाला. वायरिंग झालं. आई कुठे शून्यात बघत बसली की बाबा लगेच पडद्यांच्या कापडाचे नमुने तिच्या पुढ्यात टाकायचे. "त्याला कुठला आवडेल, बघ बरं." आणि ती बिचारी त्यांचं मन राखायला रंग निवडत बसायची.

शेवटचं काम आवाज जुळवण्याचं. मुख्य खुर्चीत, बसणाऱ्याच्या कानाच्या उंचीवर माईक ठेवायचा. मग एकेका स्पीकरमधून चिवचिवाट होतो आणि यंत्र आपलं आपण मोजमाप घेतं. जिथं माईक, तिथं आवाज सगळ्यात चांगला. बाजूच्यांनी आपलं मिळेल ते ऐकायचं.

बाबांनी स्टँड मधल्या खुर्चीत ठेवला. "जरा वर घे. माझ्याहून वीतभर उंच आहे तो."

लेकीनं माईक वर घेतला. "आता कुणी बोलायचं नाही हं."

डावीकडे चिवचिवलं, उजवीकडे चिवचिवलं. मग लॅपटॉपवर अक्षरं उमटली. खोलीत आवाज आहे, पुन्हा प्रयत्न करा.

"आई!"

"सर्दी झालीय गं," आई नाक ओढत म्हणाली.

सर्दी कुणालाच झाली नव्हती. लेकीनं पंखा बंद केला, खिडकी घट्ट लावली आणि पुन्हा सुरू केलं. डावीकडे, उजवीकडे, मागे. पुन्हा तेच. खोलीत आवाज आहे. आई तर तोंडावर हात दाबून बसली होती. लेकीनं वळून पाहिलं. बाबा खाली मान घालून चष्मा पुसत होते.

तिनं दात आवळले. आज पुरं करायचं म्हणजे करायचंच. मग त्यांना समोर बसवायचं आणि सांगून मोकळं व्हायचं.

"शेवटचं. या वेळी अगदी चिडीचूप."

"किती महिने चिडीचूपच तर आहोत," आई एकदम म्हणाली. "त्या मशीनला अजून किती गप्प बसायला हवंय?"

लेकीचं बोट बटणावर पडलं होतं. डावा स्पीकर चिवचिवला. आईनं स्वतःच्याच बोलण्याला घाबरून बाबांकडे पाहिलं. बाबा आईकडे बघत होते, जणू काहीतरी ताडून पाहत असावेत. मग ते मागची जागा सोडून पुढे आले, मधल्या खुर्चीपाशी वाकले आणि त्यांनी स्टँडचा स्क्रू ढिला केला.

"बाबा, टेस्ट चालू आहे!"

"असू दे." त्यांनी माईक बाहेर काढला. "ये. बस इथं."

"बाबा, पण ही दादाची..."

"त्यानं पहिला फोन मला केला होता," बाबा म्हणाले. "आईला एवढ्यात कळू देऊ नको, असं मीच म्हटलं त्याला." त्यांनी एक हात आईच्या खांद्यावर ठेवला आणि दुसऱ्या हातानं लेकीला खुर्चीत बसवलं. "तो परत येणार नाही. सरळ बस, तुझ्या कानाची उंची घेऊ दे."