सवतीचा टाक

बस कर्वे रस्त्यावरच्या सिग्नलला थांबली, तेव्हा उत्तरेश्वर पत्नीकडे वळून म्हणाला, "ऊन लागतंय का? खिडकी ओढू?"

शालन खिडकीबाहेर पाहत राहिली. प्रश्न तिला नव्हताच. त्याची दृष्टी तिच्या गळ्यातल्या, काळ्या दोऱ्यात ओवलेल्या टाकावर होती. बोटाच्या पेराएवढा चांदीचा पत्रा. त्यावर ठोकून उठवलेली एक स्त्री, डोळ्यांच्या जागी दोन ठिपके. ही मुक्ता, त्याची पहिली पत्नी, निवर्तलेली. दुसरेपणावर दिलेल्या स्त्रीने सवतीला असे गळ्यात वागवावे, नवे लुगडे आधी तिला दाखवावे आणि मग आपण नेसावे, ही त्या घराण्याची रीत. सासूबाईंनी लग्नाच्या मांडवातच तो दोरा शालनच्या गळ्यात बांधला होता.

त्यास आता वर्ष लोटले. या वर्षात उत्तरेश्वराने तिला एकदाही नावाने हाक मारली नव्हती. जे बोलायचे ते हनुवटीच्या खाली पाहून. रागाने नव्हे, अत्यंत मायेने.

"पुढे सरका, पुढे!" कंडक्टर ओरडला. "पुढे काय वाघ बांधलाय का?"

कोणी हसले. शालनच्या मुठी मात्र वळलेल्याच राहिल्या. तिचा निश्चय झाला होता. टाक नदीत सोडावा तर पाप, सोनाराकडे मोडीत घालावा तर त्याहून घोर. परंतु शेजारची निकिता पेठेतले वस्तुसंग्रहालय पाहून आली आणि सहज बोलून गेली, "वहिनी, तुमच्या गळ्यातलं सेम तिथे काचेत ठेवलंय." काचेआड मृतेचा मानही राहील आणि आपला गळाही मोकळा होईल. मग त्याची नजर वर येईल, आपल्या मुखापर्यंत. याहून अधिक तिला काही नको होते.

पेठेतल्या थांब्यावर दोघे उतरली. समोरच संग्रहालयाचे दार होते. उत्तरेश्वर थांब्याच्या बाकावर टेकला.

"माझं गुडघं जिना चढू देणार नाहीत," तो टाकाकडे पाहून म्हणाला. "दोघी या बघून. सावकाश."

खिडकीतल्या बाईंनी तिकीट फाडत मान वर न करता सांगितले, "पिशवी इथे ठेवा. कशाला हात लावायचा नाही. पाच वाजता बंद होतं, तुम्ही आत असलात तरी."

आत समया होत्या, अडकित्ते होते, फण्या होत्या. ज्या हातांनी त्या वापरल्या ते हात कुठेच नव्हते. दालनांमागून दालने ओलांडत शालन वरच्या मजल्यावरील एका कपाटाशी थांबली. काळ्या मखमलीवर पाच-सहा टाक ओळीने निजले होते. खाली चिठ्ठी होती : सवतीचे टाक. दुसऱ्या पत्नीने गळ्यात घालण्याची प्रथा. ते ज्यांच्या गळ्यातून उतरवले, त्या स्त्रियांचे पुढे काय झाले, हे चिठ्ठीत लिहिलेले नव्हते.

काच आणि लाकडी चौकट यांच्यामध्ये बारीक फट होती. तिने दोरा तोडला. टाक फटीतून आत सारला. तो घसरत जाऊन मखमलीवर पालथा पडला; हे तिने स्पष्ट पाहिले.

"ओ मावशी, काचेला रेलू नका," मागून रखवालदाराचा आवाज आला. "जुन्या वस्तू टिकल्यात, काचच टिकत नाही."

ती दचकून वळली, काहीतरी पुटपुटली, आणि पुन्हा कपाटाकडे फिरली. टाक उताणा होता. दोन ठिपके तिच्याकडे पाहत होते.

ती धावतच जिना उतरली. गळा इतका हलका झाला होता की पाऊल ठरत नव्हते. तो विचारील, टाक कुठाय? खुशाल विचारो. संतापला, चारचौघांत बोलला, तरी ते बोलणे तिच्याशीच असणार होते.

उत्तरेश्वर बाकावर तसाच बसला होता. ती पुढ्यात जाऊन उभी राहिली. त्याची दृष्टी सवयीने तिच्या गळ्यावर गेली, क्षणभर तेथे चाचपडली, आणि वर्षभरात प्रथमच वर आली. त्याने तिचा चेहरा नीट पाहिला. त्याचे डोळे घारे आहेत, हे तिला तेव्हाच कळले.

"बोला ताई," तो अदबीने म्हणाला. "काही विचारायचं होतं का?"

"अहो," शालन म्हणाली. "अहो, मी. शालन."

"शालनताई," त्याने आठवून पाहिले, आणि ओशाळून हसला. "माफ करा हां, ओळख लागंना. आमच्या मंडळी आत गेल्यात, म्युझियम बघाय. त्यांच्या ओळखीच्या असाल तुम्ही. येतीलच आता."

त्यांच्या घराकडची, वारज्याची बस आली. लोक चढू लागले.

"तुम्हाला वारज्यालाच जायचं असंल तर बसा हिच्यात," तो आपुलकीने म्हणाला. "रिकामी हाय. आम्ही मागच्यानं येतो."

मागच्या माणसांचा रेटा आला. "ओ बाई, चढायचंय की नुसतं बघायचंय?" कोणीतरी खेकसले, आणि शालन पायरीवर, मग आत, मग खिडकीशी लोटली गेली. बस हलली.

तिने मान वळवून पाहिले. उत्तरेश्वर संग्रहालयाच्या दाराकडे पाहत होता. दारात कोणीही नव्हते. त्याचा चेहरा उजळला. त्याने बाकावरची धूळ पंच्याने पुसली आणि शेजारी एका माणसाची जागा होईल इतका तो सरकून बसला.