पाय जमा

पाय परत करायला ज्याचा त्यानेच यायचं, असा कंपनीचा नियम होता. म्हणून रंगारी बायकोला घेऊन स्वतःच्या पायांनी आला. दोन्ही.

"वर कसे आलात?" कारकुनाने विचारलं.

"जिन्याने. लिफ्ट बंद आहे तुमची."

कारकुनाने तेही लिहून घेतलं. कराराप्रमाणे पाय फक्त सपाट जमिनीवर वापरायचा होता.

त्याच्या मागे भिंतभर फोटो होता. फोटोत रंगारी शिडीवर, हातात ब्रश, एका बाजूची पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, खाली कंपनीने फुकट दिलेला चकचकीत पाय. ऑफिस रंगवायला कंपनीनेच त्याला बोलावलं होतं. पँट वर घ्या, जरा हसा, हेही कंपनीनेच सांगितलं होतं. जाहिरातवाल्यांना फोटो फार आवडला. मग तो वकिलांनी पाहिला.

"पण शिडीवर तुम्हीच चढवलंत ना यांना?" बायको म्हणाली.

"ते जाहिरात खातं, ताई. त्यांचं आमचं बोलणं नाही." कारकुनाने कराराचं शेवटचं पान पुढे सरकवलं. तळाशी मुंग्यांची रांग लागावी तशी अक्षरं होती. "कलम एकवीस. शिडी, जिना, चढ, उतार. सही करताना वाचलं नव्हतं?"

"पाय समोर टेबलावर ठेवला होता, साहेब. मी त्याच्याकडे बघत होतो."

"ताई, तुम्ही तरी वाचायचं."

"मी यांच्याकडे बघत होते."

यावर कारकुनाला कलम सापडलं नाही.

"सोमवारपासून शाळेचं काम धरलंय," रंगारी म्हणाला. "हे गेलं तर पुन्हा कोणी बोलवायचं नाही. तेवढं होऊ द्या, मग खुशाल न्या."

"शाळा सपाट आहे का?"

रंगारी गप्प बसला. म्हणजे गप्प उभा राहिला. खुर्ची एकच होती आणि तिच्यावर कारकून होता.

मग काउंटरला धरून त्याने पट्टे सोडले आणि पाय वर ठेवला. कारकुनाने तो उलटापालटा करून पाहिला. घोट्यावर पिस्ता रंगाचे थेंब होते.

"हे डाग कसले?"

"तुमच्याच भिंतीचे."

कारकुनाने पाय भिंतीला लावून पाहिला. रंग जुळला. त्याने डागही लिहून घेतले.

"आता हे घरी कसे जाणार?" बायकोने विचारलं.

कारकुनाने भिंग लावून करार पुन्हा चाळला. मनापासून शोधलं बिचाऱ्याने. "आणून द्यायचं दिलंय. जायचं काही दिलेलं नाही." आणि पावती पुढे केली. "पाय जमा केल्याची. सही करा. या खेपेला मात्र नीट वाचून हां. आम्हाला घाई नाही."

पावतीच्या तळाशीही मुंग्या होत्या. बायकोने भिंग घेतलं आणि बोट ठेवून एकेक शब्द मोठ्याने वाचू लागली. रंगारी एका हाताने काउंटर, दुसऱ्याने तिचा खांदा धरून ऐकत होता. तिसऱ्या ओळीत 'उरलेला पाय' असे शब्द आले. ती थांबली. मागची ओळ पुन्हा वाचू लागली.

उरलेला पाय थरथरायला लागला होता.

"दे ते पेन इकडे," रंगारी म्हणाला.